बैलाची सात वर्षं

टीग यांचं आमिषाचं दुकान
कोल्टर्स लँडिंग, आर्कान्सॉ
३ मार्च २०११

डेल्बर्ट,

हे पत्र बघून उड्या मारू नकोस. मी तुला माफ केलेलं नाही. तू माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा आहेस आणि मामीने तुझा पत्ता दिला, म्हणून लिहितेय. तू हल्ली कुठल्याशा मालबोटीवर स्वयंपाकी आहेस म्हणे. त्या खलाशांची मला दया येते.

फोन करणार नाही. घरातल्या फोनची वायर मी कधीच उपटून टाकली. तुझ्या बैलापायी वसुलीवाले जेवायच्या वेळी फोन करायचे.

कामाचं सांगते. ओर्व्हल टीग दुकान विकून मुलीकडे फ्लोरिडाला चाललाय. एकोणीस वर्षं मी इथे गळाला लावायची गांडुळं मोजतेय, रातकिड्यांना बटाट्याच्या साली घालतेय, आणि गळ घेऊन आलेल्या बाप्यांना कॉफी पाजतेय. म्हातारा म्हणाला, "वर्डा, तुला साठ हजारात देतो. लिटल रॉकचा एक माणूस पंच्याहत्तर द्यायला बसलाय, पण त्याला इथे गोठवलेल्या दह्याचं दुकान काढायचंय आणि मला त्याची मिशी आवडली नाही. लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, थांबतो. नंतर मिशी चालवून घेईन."

मी बँकेत गेले. तिथल्या व्हिटलोने यंत्रावर माझा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि चष्मा वर केला. "वर्डा, हे बुडालेलं कर्ज कसलं?"

"बैलाचं."

"गुरं होती तुमच्याकडे?"

"नाही रे. विजेवरचा बैल. बारमध्ये असतो तो. दारुडे त्याच्यावर बसतात आणि तो त्यांना उडवतो."

सगळी बँक ऐकत होती. तुझ्या बारसाठी मी जामीन राहिले, तू तीन हप्ते भरून बाकीचे बुडवलेस, ही सगळी कथा मला भर बँकेत सांगावी लागली. व्हिटलो म्हणाला, हा डाग सात वर्षं राहतो. जो हप्ता पहिल्यांदा चुकला आणि मग कधी भरलाच गेला नाही, तिथून मोजायचं. तो होता पंधरा ऑगस्ट २००४ चा. म्हणजे या ऑगस्टात बैल आपोआप कागदावरून उतरेल. मग या, म्हणाला.

डेल्बर्ट, तुझी खोड मला माहीत आहे. तुला मधूनच चांगुलपणाचा झटका येतो. या वेळी येऊ देऊ नकोस. बैलाचे पैसे दुकान हातात आलं की बघू. तोवर कुणाला फोन नाही, पत्र नाही, पैसे नाहीत. सात वर्षं काही केलं नाहीस, आणखी पाच महिने करू नकोस.

वर्डा


पाड्यूका, केंटकी
१९ मार्च २०११

प्रिय वर्डा,

तुझं पत्र बोटीच्या ऑफिसात तेरा दिवस पडून होतं. मी ते इंजिनजवळ बसून वाचलं आणि रडलो. इंजिनवाला म्हणाला, "कोण गेलं?" मी म्हटलं, "गेलं नाही रे, परत आलं."

वर्डा, मी बदललोय. दारू सोडली. बोटीवर एक खलाशी आहे, तो पूर्वी पाद्री होता. त्याने जानेवारीत मला नदीत बुडवून बाप्तिस्मा दिला. हा तिसरा, पण आधीचे दोन कोमट पाण्यातले होते. या वेळी बर्फ तरंगत होता. इतक्या थंडीत घेतलेला टिकतो असं तो म्हणाला. वर काढल्यावर सगळ्यात आधी मला तूच आठवलीस.

तू म्हणतेस तसंच होईल. यापुढे मी काहीही करणार नाही. शब्द देतो.

तू दुकानाची मालकीण होणार! मी सगळ्या बोटीला सांगितलं. कप्तानाने विचारलं, रातकिडे पाळतात कसे? तू कळवशील का?

एक सहज विचारतो. समजा, एखाद्याने त्या कर्जातले अगदी थोडे, म्हणजे नाश्त्याच्या बिलाइतके पैसे भरले, तर त्याने चांगलंच होतं ना? कुणी भरलेत असं नाही. सहज.

तुझा,
डेल्बर्ट


कोल्टर्स लँडिंग
४ एप्रिल २०११

डेल्बर्ट,

आज दुकानातल्या फोनवर एक बाई बोलली. आवाज मधात बुडवलेला. "हनी, मी क्रिस्टल. तुमचे चाळीस डॉलर मिळाले, त्याबद्दल आभार. पुढचे कधी?"

मी म्हटलं, कसले चाळीस?

"बैलाचे, हनी."

दुकानाचा नंबर तिला कुणी दिला? माझी आई कोणत्या वर्षी वारली हे तिला कसं माहीत? "तुमचा भाऊ फार गोड आहे" असं ती का म्हणाली?

उलट टपाली लिही. आणि "सहज" हा शब्द पुन्हा वापरलास तर बोटीवर येऊन तुला चौथ्यांदा बुडवीन.

वर्डा

रातकिड्यांना अंड्यांचे पुठ्ठे लागतात लपायला. कप्तानाला सांग. त्याने काही केलेलं नाही.


मेम्फिस, टेनेसी
१८ एप्रिल २०११

प्रिय वर्डा,

खरं सांगतो. तुझं पत्र यायच्या आधीच हे झालं होतं, देवाशपथ. फेब्रुवारीच्या शेवटी पगार झाला. पाद्री म्हणाला, ज्याचं नुकसान केलंस त्याचं भरून दे. मी जुन्या कागदांत नंबर शोधून फोन लावला. कर्ज देणारी कंपनी कधीच बंद पडली, पण आपलं देणं तीनदा विकलं जाऊन या क्रिस्टलच्या कंपनीकडे आलंय. वर्डा, ती किती छान बोलते! आईच्या गुडघ्याची चौकशी केली. सात वर्षांत मला "शाब्बास" म्हणणारी ती पहिली बाई. मी चाळीस डॉलरची मनिऑर्डर केली, पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव घातलं. म्हणजे चांगुलपणा तुझ्या खात्यावर जमा होईल.

आणि तू दुकान घेणार हे कळल्यावर मी तिला परत फोन केला. आनंद कुणाला तरी सांगावासा वाटला. ती म्हणाली, कुठलं दुकान, हनी?

हे चुकलं का?

डेल्बर्ट


कोल्टर्स लँडिंग
२० मे २०११

अरे गाढवा,

नवीन रिपोर्ट आला. तुझा बैल ताजातवाना होऊन उभा आहे. "पहिला हप्ता चुकल्याची तारीख" या रकान्यात आता मार्च २०११ लिहिलंय. मार्च! म्हणजे माझा कागद २०१८ पर्यंत घाण. तोवर म्हातारा फ्लोरिडात पुरला जाईल आणि इथे तो मिशीवाला दह्यावर जेली घालून विकत असेल.

व्हिटलोपुढे कागद आपटला. व्हिटलो वाईट माणूस नाही, फक्त त्याला घाम लवकर येतो. म्हणाला, "हे त्यांना करता येत नाही. चाळीस भरा नाहीतर चार हजार, सात वर्षं पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासूनच मोजायची. कर्ज दहा वेळा विकलं तरी तीच तारीख."

"मग त्यांनी केलं कसं?"

"केलं. लोक बघत नाहीत म्हणून करतात." चाळीस भरल्याने एवढंच होऊ शकतं, म्हणाला, की कोर्टात खेचायची त्यांची मुदत नव्याने सुरू होते. ती वेगळी भानगड. ते चाळीस तू पाठवलेस, मी नाही, हे मी लिहून ठेवलंय. तूही लिहून सही करून पाठव.

रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे तक्रार करायची, त्यांना तीस दिवसांत तपासावं लागतं. पण पुरावा हवा. पहिला हप्ता ऑगस्ट २००४ मध्येच चुकला असं दाखवणारा कागद. मी माझे शोधले. वसुलीवाल्यांची पत्रं मी शेकोटीला लावत होते, ती आता बरी जळली म्हणायचं का?

म्हणून डेल्बर्ट, काहीतरी कर. होय, मीच म्हणतेय. तुझ्या बारच्या वेळचा कागद शोध. पाकीट, चिठ्ठी, शिव्या घातलेली नोटीस, काहीही. आज ओर्व्हलकडे तो मिशीवाला आला होता. फीत घेऊन रातकिड्यांची खोली मोजत होता. तिथे दह्याचं यंत्र बसणार म्हणे. मी त्याच्या अंगावर पन्नास रातकिडे सोडले आणि सॉरी म्हटलं.

वर्डा


पाड्यूका
११ जून २०११

प्रिय वर्डा,

चौदा दिवसांची सुट्टी मिळाली, ती सगळी शोधण्यात घालवली. बारचं सामान रोनेलकडे होतं. घटस्फोटानंतर तिने ते अंगणात मांडून विकलं. मी गेलो तर दारातच म्हणाली, "बैल मागायला आलास तर कुत्रा सोडते." कागद मागितले तर हसली. कागद तिने भोपळ्याच्या वाफ्यात घातले.

परत येताना बसमध्ये एकदम आठवलं. वर्डा, एक कागद आहे!

२००४ च्या जत्रेत मी चिलीच्या, म्हणजे खिमा-घेवड्याच्या तिखट रश्श्याच्या, स्पर्धेत पहिला आलो होतो, ते आठवतं? मेथडिस्ट चर्चच्या बायकांनी पाककृती मागितली. बारमध्ये दुसरा कागद नव्हता, म्हणून कर्जवाल्यांचं जे पत्र समोर पडलं होतं त्याच्या पाठीवर मी ती लिहून दिली. ते त्यांचं पहिलंच पत्र होतं. "तुमचा पंधरा ऑगस्टचा हप्ता आलेला नाही," असं अगदी सभ्य. नंतरची सभ्य नव्हती.

आउइडा क्रंपने तो कागद चौकट करून चर्चच्या स्वयंपाकघरात लावला. तू दर बुधवारच्या जेवणाला तिथेच असतेस. तुझा पुरावा तुझ्या डोक्यावर लटकतोय, वर्डा, फक्त भिंतीकडे तोंड करून!

चाळीस डॉलर मीच पाठवले असं लिहून सही करून सोबत जोडलंय. पाद्री आणि इंजिनवाला साक्षीदार.

एक विनंती. चौकट उघडशील तर तू एकटी असताना उघड. आउइडासमोर नको. कारण विचारू नकोस.

डेल्बर्ट


कोल्टर्स लँडिंग
२ जुलै २०११

डेल्बर्ट,

आउइडासमोरच उघडली.

चर्चच्या स्वयंपाकघरात तिच्या डोळ्यांआड वाटीसुद्धा हलत नाही हे तुला माहीत नाही का? मी खुर्चीवर चढले तर मागून आवाज. "वर्डा प्रुइट, खाली उतर. ती चर्चची मालमत्ता आहे."

मी म्हटलं, पाठ बघायची आहे फक्त.

"चौकटीला पाठ असते. बघ."

"कागदाची पाठ, आउइडा."

"का?"

मी सगळं सांगितलं. बैल, व्हिटलो, मार्चची तारीख, दही. दह्यापाशी आल्यावर ती नरमली. तिचा नवरा चाळीस वर्षं आमच्याकडून गांडुळं नेतो. म्हणाली, उघड, पण मी धरते, तुझ्या हाताला वास येतो.

मागे पत्र होतंच. दोन सप्टेंबर २००४. "पंधरा ऑगस्ट रोजीचा आपला हप्ता प्राप्त झालेला नाही." चिलीचे तीन डाग, पण तारीख स्वच्छ. मी आउइडाला मिठी मारणार होते, तोच तिचं लक्ष गेलं. कागदाची खालची कड आत दुमडून चौकटीत घातली होती. ती तिने सरळ केली. तुझ्या अक्षरात शेवटची ओळ: "आणि बाजारच्या तयार चिलीचे सहा मोठे डबे."

आउइडा खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "मी दुसरी आले होते. मी घेवडा आदल्या दिवशी भिजत घातला होता."

मी म्हटलं, अगं सात वर्षं होत आली.

"सात वर्षं बँकेत," आउइडा म्हणाली. "इथे नाही."

तिने रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना सांगितलं. तुझी पहिल्या बक्षिसाची निळी फीत आता तिच्याकडे आहे. मामीने दोन आठवडे चर्चला न जाण्याचं ठरवलंय, गुडघ्याचं कारण सांगून.

कागदाच्या नकला काढल्या, दोन्ही बाजूंच्या. मला फक्त पाठ हवी होती, पण यंत्र चालवणारा पोरगा म्हणाला पूर्ण पाठवा, म्हणून रिपोर्टवाल्यांना पाककृतीही गेली. पोचपावतीच्या टपालाने. आता तीस दिवस.

वर्डा


व्हिक्सबर्ग, मिसिसिपी
७ ऑगस्ट २०११

प्रिय वर्डा,

काही कळलं का? आई म्हणते तू कुणाशी बोलत नाहीस आणि टपालवाल्याला रस्त्यातच गाठतेस.

चिलीबद्दल मला लाज वाटते. पण सहा नव्हते, पाचच डबे घातले होते. सहावा आम्ही खाल्ला. आउइडाला सांगशील?

क्रिस्टलचा परत फोन आला होता. मी म्हटलं, बाई, हे देणं माझं आहे, माझ्या नावावर घ्या, माझ्या बहिणीच्या कागदाला हात लावू नका, मी दर महिन्याला देईन. ती एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागली, वर्डा. हनी वगैरे काही नाही. आईच्या गुडघ्याचीसुद्धा चौकशी केली नाही. मग मीही तिला थोडं सुनावलं. तुझ्यासारखं. बोट थरथरली असं इंजिनवाला म्हणाला.

मी लेबर डेला तिकडे यायचं म्हणत होतो. येऊ का?

डेल्बर्ट


कोल्टर्स लँडिंग
३ ऑक्टोबर २०११

डेल्बर्ट,

लेबर डेला आला नाहीस हे बरं केलंस. मी उत्तरच दिलं नाही म्हणून आला नसशील. हाताला सवड नव्हती. आता सगळं एकदम ऐक.

रिपोर्टवाल्यांचं पत्र नऊ ऑगस्टला आलं. तारीख सुधारली, पंधरा ऑगस्ट २००४. पत्राच्या तळाशी कुणीतरी पेनने लिहिलं होतं, "घेवडा किती वेळ शिजवायचा?" मी ते आउइडाला दाखवलं. ती दिवसभर कुणाशी भांडली नाही.

महिनाअखेर नवीन रिपोर्ट मागवला. बैल गेला! मी दोन सप्टेंबरला, शुक्रवारी, चर्चला घालते तो झगा घालून बँकेत गेले. ओर्व्हलही बरोबर आला, सह्या करायला. सोमवारी लेबर डे, बँक बंद. म्हणजे हाच दिवस शेवटचा.

व्हिटलोने यंत्रावर बघितलं. मग यंत्राला थापट मारली. मग परत बघितलं.

"वर्डा, इथे काहीच नाही."

"तेच तर! गेला!"

"तसं नाही. काहीच नाही. कोरं आहे. तुमच्या नावावर आयुष्यात एकच कर्ज होतं, ते बैलाचं. कार्ड नाही, गाडीचं कर्ज नाही, घर तुम्ही रोखीने घेतलंत. बैल गेल्यावर तुम्ही... म्हणजे या यंत्राच्या दृष्टीने तुम्ही नाहीच."

मी म्हटलं, व्हिटलो, तू दर शनिवारी माझ्याकडून दोन डझन गांडुळं घेतोस. परवा तुला एक जास्त दिलं.

"मला माहीत आहात हो. यंत्राला नाही. एखादं कार्ड घ्या, वर्षभर थोडं थोडं वापरा आणि वेळेवर फेडा, मग..."

"वर्षभर!"

"डाग होता तेव्हा निदान तुमचं नाव तरी होतं," व्हिटलो म्हणाला, आणि हे बोलायला नको होतं हे त्याच्या लगेच लक्षात आलं. घाम पुसायला त्याने माझाच रिपोर्ट घेतला.

डेल्बर्ट, मी कधी रडत नाही. आईच्या वेळी नाही, तुझ्या वेळी तर नाहीच. तिथे मात्र नाक लाल झालं. सात वर्षं ज्याच्या जाण्याची वाट बघितली तो गेला, आणि जाताना मलाच घेऊन गेला.

ओर्व्हलला हे काही नीट ऐकू आलं नव्हतं. त्याने विचारलं, "काय म्हणतोय?" मी त्याच्या कानात ओरडले, "म्हणतो मी कोण हे त्याला माहीत नाही!"

म्हाताऱ्याने टोपी काढली. व्हिटलोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एकोणीस वर्षांत ही दोनदा उशिरा आली," म्हणाला. "एकदा पूर होता आणि एकदा हिची आई वारली होती. अजून कसला रिपोर्ट हवाय याला?" मग टेबलावर थाप मारली. "बँक गेली खड्ड्यात. पैसे मलाच दे. दहा हजार आत्ता, बाकीचे महिन्याला चारशे, मीच लिहून देतो. कागद आहे का कोरा?"

व्हिटलोने कोरा कागद काढून दिला. एवढं केलं त्याने. साक्षीदार म्हणून सहीही केली, आणि शनिवारी गांडुळं घ्यायला आला तेव्हा पाच डॉलर जास्त ठेवून गेला. मी परत केले नाहीत.

मिशीवाला सोमवारी आला. दारावरची नवी पाटी वाचून निघून गेला. पाटीवर माझं नाव आहे. रंग मी दिला, म्हणून अक्षरं एका बाजूला झुकलीत. आमिष झुकलंय, प्रुइट सरळ आहे.

पहिला हप्ता परवा, एक तारखेला होता. ओर्व्हल सामान बांधतोय, पुढच्या आठवड्यात निघेल. मी सकाळी सहालाच नोटा घेऊन त्याच्या दारात. त्याने दोनदा मोजल्या, पावती लिहिली आणि म्हणाला, "फ्लोरिडातून मी रोज टपाल बघणार आहे. एक हप्ता चुकव, मग बघ. बँक सात वर्षं लक्षात ठेवते. मी मरेपर्यंत ठेवीन."

मी म्हटलं, "ओर्व्हल, तू एक्क्याऐंशीचा आहेस. म्हणजे तुझ्याकडे डाग लवकर पुसला जाईल."

म्हाताऱ्याने पावती हातात देता देता परत ओढून घेतली. "असं?" म्हणाला. "मग मी नव्वदीपर्यंत जगतो. फक्त त्यासाठी."

आज त्याने फ्लोरिडाच्या मुलीला फोन करून भाज्या खायला सुरुवात केल्याचं कळवलंय.

वर्डा